मंडळीबाहेरचं वर्ष

माईंच्या नवऱ्याला लांबचं धड दिसत नसे, आणि ही गोष्ट चर्चच्या अख्ख्या मंडळीत फक्त दोघांना माहीत होती: माईंना आणि बाजारातल्या चष्मेवाल्याला. नवरा तिथला पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता. सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि माईही चारचौघांत त्यांचा उल्लेख तसाच करत. उपदेशाला उभे राहिले की साहेबांचा चष्मा घामाने नाकावरून घसरायचा, म्हणून ते तो काढून समोर ठेवत, आणि मग तिसऱ्या बाकापलीकडची सगळी माणसं त्यांच्या लेखी नुसते रंगाचे ठिपके होऊन जात. त्यामुळे कोण आलं आणि कोण आलं नाही हे बघण्याचं काम माईंच्या गळ्यात पडलं. पाळकाच्या घरच्यांसाठी पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या मंचाच्या, बाजूला, मंडळीकडे तोंड करून, एक आडवं बाक होतं. तिथून दारापर्यंतचं सगळं दिसायचं.

रविवारी दुपारी जेवताना साहेब विचारायचे, आज कोण दिसलं नाही? माई सांगायच्या. शाळेच्या शिपायाची आई नव्हती. बेकरीवाल्याची सून होती, पण गाण्याला तोंड उघडलं नाही आणि डोळे सुजलेले होते. सोमवार-मंगळवारी साहेब नेमके त्या दारात उभे. लोक म्हणायचे, साहेबांना आत्म्याकडून कळतं. माई मूग गिळून बसायच्या. लग्नापासून म्हातारपणापर्यंत हे असंच चाललं, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मग साहेब निवृत्त झाले. निरोपाला भाषणं झाली, एक मोठं भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि त्याच आठवड्यात चर्चने दिलेला बंगला रिकामा करून दोघं एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. लेक दुसऱ्या शहरात नर्स होती. तिने आपल्याकडे बोलावलं होतं, पण साहेबांनी मानलं नाही. या खोल्या स्वस्त होत्या, खालून दिवसभर इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास वर यायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चचं छप्पर दिसायचं. ते छप्पर दिसतं म्हणूनच साहेबांनी ही जागा पसंत केली होती. माईंना ते कळलं होतं.

कारण त्या छपराखाली जायला आता एक वर्ष बंदी होती.

हा नियम साहेबांनी स्वतःच करून घेतलेला. ते तरुणपणी या मंडळीत आले तेव्हा आधीचे थोरले पाळक चार घरं सोडून राहत असत आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत. लग्नं त्यांना विचारून ठरत. कुणाला नव्या पाळकाचं काही पटलं नाही की तो तडक व्हरांड्यात. साहेबांची पहिली दोन वर्षं अशी गेली की माई म्हणाल्या होत्या, यापेक्षा तुम्ही पोस्टात लागला असता तर बरं. पुढे सगळ्या मंडळ्यांची परिषद भरली तेव्हा साहेब उभे राहिले आणि म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. निवृत्त पाळकाने आणि त्याच्या कुटुंबाने वर्षभर आपल्या जुन्या मंडळीत उपासनेला येऊ नये, लग्न-बाप्तिस्मा-दफन करू नये, सल्ला देऊ नये. वर्ष संपलं की साधे सभासद म्हणून यावं. तरुण पाळकांनी टाळ्या वाजवल्या आणि नियम झाला. तेव्हा साहेबांचे केस काळे होते.

पहिल्या रविवारी सवयीने साहेबांनी दाढी केली, कोट घातला आणि खुर्चीत बसून राहिले. घंटा झाली. माईंनी अंडी उकडायला ठेवली होती, ती त्यांच्या लक्षातून गेली आणि दगडासारखी झाली. दोघांनी ती तशीच खाल्ली. तास उलटून गेल्यावर साहेब म्हणाले, "आता आशीर्वाद देत असतील," आणि कोट काढून खुंटीला अडकवला.

दुसऱ्या रविवारी माईंनीच पुढाकार घेतला. देवाला काही एकच घर नाही, म्हणाल्या, आणि दोघं बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका चर्चला गेले. ते पूर्वी गोदाम होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, गिटार, ढोल, आणि दारात हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी. तिने दोघांच्या छातीवर "पाहुणे" असं लिहिलेला कागद चिकटवला आणि साहेबांना आपुलकीने विचारलं, "काका, प्रभूची ओळख आहे का?"

साहेब म्हणाले, "थोडीफार आहे."

माईंना इतकं हसू आलं की त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. दोघं मागच्या रांगेत शेजारी शेजारी बसले. बसल्यावर माईंच्या लक्षात आलं, की चर्चमध्ये आपण नवऱ्याशेजारी कधी बसलोच नव्हतो. ते नेहमी वर, आपण नेहमी बाजूला. इथे कुणी ओळखीचं नव्हतं. कोण आलं नाही हे बघायचं कारण नव्हतं. गाणं सुरू झालं तेव्हा माईंनी आपोआप खालचा सूर धरला, शाळेत असताना धरायच्या तसा, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून कौतुकाने पाहिलं. उपदेश एका पोरसवदा माणसाने केला. विषय होता वाट पाहणं. फार काही थोर नव्हता, पण माईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, आणि परतताना बसमध्ये त्याची चिरफाड केली. मधली गोष्ट चांगली होती, पण ती आणि शेवट यांचा एकमेकांशी काय संबंध? आणि वाट पाहणारा माणूस नुसता बसून राहतो असं यांना कोणी सांगितलं? वाट पाहणाऱ्यालाच तर सगळ्यात जास्त कामं असतात.

साहेब बघतच राहिले. "तुला उपदेशातलं इतकं कळतं? माझ्या वेळी कधी काही बोलली नाहीस."

"तुमच्या वेळी ऐकायला कुठे मिळायचं? मी माणसं मोजत असायचे."

बोलून गेल्यावर माईंनी जीभ चावली, पण सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

साहेब रागावले की आरडाओरडा करत नसत, अदबशीर होत. तो आठवडाभर ते इतक्या अदबीने वागले की माईंना घरात पाहुणा आल्यासारखं वाटायला लागलं. मीठ हवं असलं तर "जरा मीठ देता येईल का?" चहा दिला की "आभारी आहे." शेवटी एका सकाळी पाव मोडता मोडता त्यांनी विचारलं, "एकही नाही?"

"सुरुवात ऐकायचे," माई म्हणाल्या. "गोष्ट असली तर गोष्ट ऐकायचे. मग कुणीतरी उशिरा यायचं, कुणाचं तरी पोर रडायचं."

साहेबांनी मान हलवली आणि पावाला लोणी लावलं. खरं तर यात माईंचा काही दोष नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांत अंतर असतंच.

ते अंतर चष्मेवाल्याने मिटवलं. हा साहेबांचा सगळ्यात जुना मित्र. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, सोमवारी बंद असायचं, आणि वर्षानुवर्षं दर सोमवारी तो बंगल्यावर येऊन आदल्या दिवशीच्या उपदेशात काय चुकलं ते साहेबांना सांगायचा. "साहेब, काल तुम्ही दोनदा संपवलंत, पण थांबलात तिसऱ्यांदा." साहेब चिडायचे, वाद घालायचे, आणि पुढच्या रविवारी गुपचूप थोडक्यात आटपायचे. आता तो लाँड्रीच्या वर यायला लागला. जिना चढताना त्याला धाप लागायची. साहेबांनी त्याच्यापाशी गाऱ्हाणं मांडलं, की माझ्या बायकोने माझा एकही उपदेश पुरता ऐकला नाही.

चष्मेवाल्याने चहाचा घोट घेतला. "मी जवळपास सगळे ऐकलेत," तो म्हणाला. "वहिनींचं नशीब चांगलं."

साहेबांना हसू फुटलं आणि घरातली अदब त्या दिवशी संपली.

मंडळीची खबरबातही चष्मेवालाच आणायचा. माईंनी एकदा आठवण करून दिली की हे नियमात बसत नाही, तर म्हणाला, "वहिनी, बंदी बोलायला आहे, ऐकायला नाही." अशी दोघांना नव्या पाळकाची माहिती कळत गेली. नवीन पाळक बाई होत्या. आतापर्यंत पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको, आता पाळकबाई म्हणजे खुद्द पाळक. मग त्यांच्या नवऱ्याला काय म्हणायचं, यावर मंडळीत बरीच चर्चा झाली. तो औषधांच्या दुकानात नोकरीला होता. शेवटी सगळे त्याला औषधवाले म्हणायला लागले आणि प्रश्न मिटला. पाळकबाईंचा उपदेश छोटा असतो, पण मुद्द्याचा. गाण्याची चाल त्यांना चटकन पकडता येत नाही. उपासना नवाऐवजी दहाला केली, त्यावरून म्हातारे नाराज, तरुण खूश. बाजूचं आडवं बाक त्यांनी काढून मागच्या खोलीत ठेवलं.

हे शेवटचं ऐकून साहेब माईंकडे बघायला लागले. माई म्हणाल्या, "बरं झालं. त्याच्यावर बसून माझी पाठ कायमची धरली."

नव्याचे नऊ दिवस संपले तसा फर्निचरवाला येऊ लागला. हा मंडळीच्या वडिलांपैकी एक, म्हणजे कारभार बघणाऱ्यांतला. माणूस वाईट नव्हता. चर्चची निम्मी बाकं त्याने पदरमोड करून दुरुस्त करून दिली होती. पण आपल्याला न विचारता काही झालं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि पाळकबाईंनी ते आडवं बाक त्याला न विचारता हलवलं होतं. पहिल्यांदा आला तेव्हा फळं घेऊन आला, तब्येतीची चौकशी केली आणि गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, साहेब, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी होती. तिसऱ्यांदा मुद्द्यावर आला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं चाललंय. बरीच घरं नाराज आहेत. वर्षअखेरच्या सभेत हा विषय निघणार आहे. तुम्ही तुमच्या परिषदेतल्या ओळखीच्या माणसांच्या कानावर नुसतं घालून ठेवा, बाकी आम्ही बघतो.

साहेबांनी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि माईंना तेच खटकलं. फर्निचरवाला गेल्यावर साहेब बराच वेळ खोलीत येरझारा घालत राहिले. चेहऱ्यावर तकतकी आली होती. कोणालातरी आपली गरज आहे म्हटल्यावर माणूस कसा ताठ होतो, ते माई बघत होत्या. त्यांना व्हरांड्यातली खुर्ची आठवली, आणि हेही आठवलं की थोरले पाळक काही दुष्ट नव्हते. त्यांच्याकडेही लोक असेच फळं घेऊन येत असतील. माईंनी एवढंच म्हटलं, की इथे खुर्ची टाकायला व्हरांडा नाही. साहेबांना ते लागलं. त्यांनी विषय बदलला.

माईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. गोदामातल्या चर्चमध्ये खालच्या सुराला माणूस कमी होतं, म्हणून पुढच्या रांगेतल्या त्या बाईने त्यांना गुरुवारी सरावाला बोलावलं. बाई बसची तिकिटं देणारी कंडक्टर होती, आवाज खणखणीत. तिथे माईंना कुणी काही विचारलं नाही: नवरा काय करतो, मुलं किती, महिला मंडळाचं अध्यक्षपद घ्याल का. सूर लागतो ना, मग उभ्या राहा. गुरुवारी माई दुपारपासूनच गुणगुणायला लागायच्या. साहेबांना नवल वाटायचं. एकदा म्हणाले, तू बंगल्यात कधी गुणगुणत नव्हतीस. माई म्हणाल्या, तिथे भिंतीला कान होते.

थंडी सुरू झाली आणि एका सोमवारी चष्मेवाला आला नाही. निरोप आला की त्याला इस्पितळात ठेवलंय, छातीत पाणी झालंय. साहेब रोज जाऊन बसायला लागले, मित्र म्हणून. एकदा ते बाहेर पडत असताना पाळकबाई आत येत होत्या. दोघं दारात समोरासमोर आले, दोघंही बाजूला सरकले, आणि "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत इतका वेळ उभे राहिले की नर्स ओरडली. साहेबांनी घरी येऊन हे सांगितलं, पण हसले नाहीत. म्हणाले, बाई दिसायला थकलेल्या वाटल्या.

आठ-दहा दिवसांत चष्मेवाला गेला. दुपारी त्याची बायको आपल्या भावाला घेऊन लाँड्रीचा जिना चढून वर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माईंनी तिला जवळ घेतलं, पाणी दिलं. ती साहेबांना म्हणाली, "भाऊजी, त्यांनी सांगून ठेवलं होतं, मला मातीपर्यंत साहेबच पोचवतील म्हणून."

साहेबांनी तिला संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटलं. ती गेली आणि लगेच फर्निचरवाल्याचा फोन. दुःखाची बातमी ऐकली, म्हणाला. साहेब, तुम्हीच करा, कोण अडवतंय ते आम्ही बघतो. सगळी मंडळी तुमच्या पाठीशी उभी राहील. साहेबांनी फोन ठेवला आणि कपाटातून काळा कोट काढून ब्रश करायला घेतला.

माई समोर येऊन बसल्या. त्यांना नवऱ्याचं मन दिसत होतं. एवढ्या जुन्या मित्रासाठी दोन शब्द बोलायचे नाहीत, हा कसला नियम? त्यांनाही तसंच वाटत होतं. पण फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"त्यांना तुम्ही पोचवाल," त्या म्हणाल्या, "पण मागे राहिलेल्या वहिनींचं काय? पुढच्या आठवड्यात पाळक म्हणून त्यांच्या दारात कोण जाणार? तुम्हाला बंदी आहे. आणि त्या पाळकबाईंना तुम्ही उद्या सगळ्यांसमोर बाजूला केलंत, तर त्यांना कोण दारात उभं करेल?"

साहेबांचा ब्रश थांबला. त्यांनी तो कोटावरच ठेवला. मग हळूच म्हणाले, "तो माझा मित्र होता गं. तिला त्याच्याबद्दल काय माहीत?"

"मग सांगा की तिला."

"मी आपणहून कसा जाऊ?"

नवऱ्याचा स्वभाव माईंना पाठ होता. त्यांनी स्वेटर चढवला आणि स्वतःच निघाल्या.

बंगल्याचं फाटक तेच, करकरतंही तसंच. आत मात्र स्वयंपाकघरात टेबल खिडकीपाशी गेलं होतं, भिंतीला पिवळा रंग होता, आणि कप कुठे असतील ते माईंना सांगता आलं नसतं. औषधवाल्यांनी चहा टाकला. पाळकबाई समोर बसल्या. चाळिशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, हाताला शाईचे डाग. माई काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, की उद्याच्या विधीचा विचार करून त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय. चष्मेवाले दर रविवारी उपासना झाल्यावर दारात हात मिळवून त्यांची एक चूक सांगायचे. त्यांना सुरुवातीला राग यायचा, मग वाट बघायला लागल्या. पण बाकी काय माहीत होतं त्यांना? काही विचारावं तर प्रत्येकजण म्हणतो, साहेब असते तर असं केलं असतं.

माई म्हणाल्या, "साहेब आहेत की. लाँड्रीच्या वर बसलेत. त्यांना यायला बंदी आहे, तुम्हाला जायला नाही."

पाळकबाई उठून चपला शोधायला लागल्या. चहा तसाच राहिला.

ती संध्याकाळ माईंना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली. साहेब आधी अवघडून बसले होते, अगदी अदबशीर. पाळकबाईंनी विचारलं, तुमची पहिली भेट कुठे झाली? साहेब म्हणाले, त्याच्या दुकानात. मी चष्मा घ्यायला गेलो होतो, त्याने डोळे तपासले आणि म्हणाला, म्हणजे गेले सहा महिने तुम्ही आमच्याकडे न बघताच आम्हाला पापी म्हणताय. मग गाडी सुरू झाली. चष्मेवाला गरीब पोरांना फुकट चष्मे द्यायचा आणि वर त्यांनाच दटावायचा, की दुकानात जुना माल पडून होता, नेताय म्हणून उपकार झाले. पोर दगावलं होतं त्याचं एक, तेव्हा तो वर्षभर चर्चला आला नाही. पण सोमवारी बंगल्यावर यायचा, आणि उपदेश न ऐकताच त्याच्यावर वाद घालायचा. हे सांगताना साहेबांचा आवाज बदलला. पाळकबाईंनी काही लिहून घेतलं नाही. नुसत्या ऐकत होत्या. उठताना त्यांनी विचारलं, उद्या शास्त्रपाठ तुम्ही वाचाल का? मी बोलावलं तर नियमात बसतं.

साहेबांनी विचार केला आणि मान हलवली. "नको. मी मित्र म्हणून बसतो. तुम्हीच त्याला पोचवा."

मग ते चष्मेवाल्याच्या घरी गेले आणि वहिनींना स्वतः समजावून सांगितलं. वहिनींना ते लगेच पटलं नाही. पण पाळकबाई लगोलग त्यांच्याकडे आल्या आणि झोपायच्या वेळेपर्यंत बसून राहिल्या, तेव्हा वहिनींनी स्वतःहून म्हटलं, की होऊ दे तसंच.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. दफनाला हजर राहायला नियमाची आडकाठी नव्हती. माई आणि साहेब चष्मेवाल्याच्या नातेवाइकांच्या मागे बसले. साहेब आत आले तशी कुजबूज झाली, फर्निचरवाल्याने मान वळवून बघितलं, आणि साहेब पुढे न जाता बाकात शिरले तेव्हा त्याचा चेहरा पडला. पाळकबाई बोलल्या थोडंच. चष्म्याची ती पहिली गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा रडणारी माणसंही हसली. पोराचं त्या बोलल्या नाहीत. तेवढं घरातलं घरात ठेवलं, आणि माईंनी मनात म्हटलं, हिला कळतं.

मग शेवटचं गाणं लागलं आणि साहेब रडायला लागले. आधी खांदे हलले, मग तोंडातून आवाज फुटला. माईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या मयती त्यांनी केल्या, आईबापांच्या सुद्धा, पण पुढे उभा असलेला माणूस रडून कसं चालेल? सगळ्यांचा बांध तोच असतो. आज बांध दुसरंच कुणी होतं. माईंनी त्यांचा हात हातात घेतला, रुमाल दिला, आणि गाणं संपेपर्यंत खालचा सूर एकटीने धरून ठेवला.

त्यानंतर फर्निचरवाला एकदाच आला. साहेबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की मी कुणाच्या कानावर काही घालणार नाही. बाकाचं दुःख असेल तर पाळकबाईंना सरळ जाऊन सांगा, त्या ऐकून घेतात. मी ऐकून घेत नव्हतो, तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतंत का? फर्निचरवाला ओशाळला. वर्षअखेरच्या सभेत छपराच्या गळतीवरच दोन तास गेले, बाकी विषय निघालाच नाही. पुढे पाळकबाईंनी ते आडवं बाक त्याच्याकडे पाठवलं आणि त्याने त्याची संडे स्कूलच्या मुलांसाठी दोन बुटकी बाकं करून दिली, असं चष्मेवाल्याच्या बायकोकडून कळलं. आता सोमवारी ती यायची. उपदेशाबद्दल तिला काही म्हणायचं नसायचं, पण बातम्या नवऱ्यापेक्षा खात्रीच्या असायच्या.

नाताळ दोघांनी गोदामात केला. माई गायल्या, साहेब मागे बसून ऐकत होते. थंडी सरली, शाळांच्या परीक्षा झाल्या, आणि वर्ष संपत आलं तसे साहेब कोट धुवायला टाकायचा का, बूट नवे घ्यायचे का, असं काहीबाही विचारायला लागले. त्यांना परत जायची ओढ लागली होती. माईंचं अर्धं मन मात्र जायला तयार नव्हतं.

त्यांनी ते सांगून टाकलं. जेवणं झाली होती, साहेब ताटं पुसत होते. हेही त्या वर्षातलंच नवं काम. माई म्हणाल्या, "मला ती मंडळी हवीय. तिथे माझं आयुष्य गेलंय. पण मला गोदामात कुणी ओळखत नाही, ते आवडायला लागलंय हो. तिकडे गेले की मी पुन्हा पाळकाची बायको. दार उघडायच्या आत चार बायका चार कामं घेऊन उभ्या राहतील."

साहेबांनी ताट पुसून पालथं ठेवलं. पूर्वीचे साहेब म्हणाले असते, लोक काय म्हणतील? आत्ताच्या साहेबांनी दुसरं ताट पुसायला घेतलं.

"कामं मी घेतो," ते म्हणाले. "माझ्याकडे काही नाहीये आता. आणि तुझ्या गाण्याच्या रविवारी तू गोदामात जा. महिन्यातून एकदा मीही येईन."

"एकदाच?"

"ढोल फार वाजवतात," साहेब म्हणाले.

वर्ष पुरं झालेल्या रविवारी दोघं दहाच्या उपासनेला गेले. पाळकबाईंनी घोषणांच्या वेळी एवढंच म्हटलं, की आपल्या मंडळीत आजपासून दोन सभासद परत आले आहेत. भाषण नाही, हार नाही. उपासना झाल्यावर महिला मंडळाच्या दोघी लगबगीने माईंकडे आल्या. माईंनी त्यांना हसून सांगितलं, की ही कामं आता साहेबांकडे बघायची, आणि त्यांना साहेबांच्या दिशेने वळवलं. साहेबांनी इमानेइतबारे वही काढून सगळं लिहून घेतलं. पुढचे काही महिने महिला मंडळाच्या वर्गणीपासून चादरी धुण्यापर्यंत सगळं ते करत होते. इस्पितळात पाळकबाईंना जमत नसे त्या दिवशी तेच जाऊन बसत.

माईंनी तीन रविवार जुन्या मंडळीत जायचं आणि चौथा गोदामात, असं ठरवलं. कधी दोन-दोनही व्हायचे. जुन्या मंडळीत त्या खिडकीपाशी, चष्मेवाल्याच्या बायकोशेजारी बसायला लागल्या. पाळकबाईंचा उपदेश संपला की दोघी एकमेकींकडे बघायच्या. आवडला असेल तर चष्मेवाल्याची बायको भुवया उंच करायची. नसेल आवडला तर समजूत म्हणून पिशवीतून लिमलेटची गोळी काढून माईंच्या हातावर ठेवायची.